मागचं मी बघते

शुभे, तू गेल्यापासून मी पाठ भिंतीला लावून बसते. जेवताना, टीव्ही बघताना, भाजी निवडताना. परवा तुझ्या तेराव्याला सगळ्या बायका हॉलच्या मधोमध सतरंजीवर बसल्या होत्या आणि मी आपली कोपरा धरून. कुणीतरी म्हणालं, मंदाताईंची कंबर धरली असेल. मी हो म्हटलं. कंबर ठणठणीत आहे. पाठीमागे मोकळी जागा असली की मला भीती वाटते, आणि ही गोष्ट सांगावी अशी एकच बाई होती, तिचंच तेरावं चाललेलं.

आमच्या ह्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, झोपेची गोळी घे.

मागून कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. दूधवाल्याची मोटरसायकल गल्लीत शिरली की हातातलं भांडं खाली ठेवते. सायकल पोर्चमध्ये आहे, तिच्यावर जुनी चादर टाकून दिलीय. तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

आणि रागही आहे हं तुझ्यावर. इतकी वर्षं आपण कशाकशाला भ्यालो. डंपरला, बसला, चुकीच्या बाजूनं येणाऱ्या पोरांना, केरव्याच्या जंगलातल्या वाघाला. आणि तू गेलीस कुठे, तर स्वतःच्या बाथरूमच्या दारात, ब्रश हातात धरून. त्या सकाळी मी तुझ्या फाटकाशी उभी होते, हेल्मेट घालून. नेहमीसारखी घंटी वाजवली. तू आतून ओरडायचीस ना, आले गं, अख्खी कॉलनी उठवू नकोस. ओरडली नाहीस. मग अनंतराव बाहेर आले. ते अनवाणी होते. पायांत चप्पल नसलेला तुझा नवरा मी तोवर कधी पाहिला नव्हता. मंदाताई, जरा आत या, एवढंच म्हणाले. त्यांचे पाय बघूनच मी हेल्मेट काढलं.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला, त्यांना काही कळलंही नसेल. कळलं नसेल तर बरं. पण मला कळलंय ना, मी काय करू?

सायकल तू मला शिकवली नाहीस, हे एकदा स्पष्ट करून टाकू, नाहीतर तिथेही सगळ्यांना सांगत सुटशील. सायकल मी नागपूरला आजोळी शिकले आणि इथे टीटी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून शाळेत सायकलनंच जायचे. मला येत नव्हतं ते मागे बघणं. उजव्या खांद्यावरून मान वळवली की हँडलही मानेबरोबर उजवीकडे जायचं, नेमकं जिकडून गाड्या येतात तिकडे. त्या काळी रस्त्यावर गाड्याच नव्हत्या, म्हणून वाचले. मग लग्न, नोकरी, आणि तू बँकेतून नि मी शाळेतून निवृत्त झाल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरनं सायकल चालवा म्हटलं तेव्हा पुन्हा तेच.

आठवतं ना दसरा मैदान? तू खडूनं लांबलचक रेघ ओढलीस. मी रेघेवरून चालवायची, तू मागे उभी राहून बोटं दाखवणार, मी वळून बघून सांगायचं किती ते. तीन, असं म्हणत मी सरळ पाणीपुरीच्या हातगाडीत शिरले. गाडीवाला ताडपत्री बाजूला करत म्हणाला, "आंटी, ब्रेक भी होता है इसमें." तू हसता हसता मातीत फतकल मारून बसलीस. कितीदा केलं ते, बोटं बरोबर सांगायचे आणि रेघ सुटायचीच. शेवटी तू खडू फेकून दिलास.

"सोड, मंदे. मागचं मी बघते. तू फक्त पुढचं बघ. मान वळवायचीच नाही."

तेव्हापासून मी पुढे आणि तू मागे. मोठी म्हणजे ट्रक, बस, डंपर. छोटी म्हणजे कार. फटफट म्हणजे काय ते सांगायला नको. ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरला तू भूत म्हणायचीस, कारण त्याचा आवाज जाऊन गेला तरी मागची ट्रॉली यायचीच असते. "मंदे, मोठी, डावीकडे राहा." "छोटी, जाऊ दे तिला." आणि सगळं गेलं की "मोकळं." ते मोकळं ऐकलं की माझे खांदे खाली यायचे.

आणि मोकळं झालं की तुझी बडबड सुरू. अरे बाप्पा, काय ती बडबड. कढी फुटू नये म्हणून बेसन कधी घालायचं. तुझ्या गौरीचा पुण्यातला घरमालक. अनंतराव चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात ते. मिसरोद आलं, ग्यारा मील आलं, भोजपूरच्या रस्त्याला लागलो, बंगरसिया मागे पडलं, तरी कढी काही उकळायची नाही. मी म्हणायचे, शुभे, थोडी गप्प बस, पाखरं ऐकू दे. तू म्हणायचीस, पाखरं घरीपण आहेत. मग जरा वेळ गप्प, आणि पुन्हा, "तर मी काय सांगत होते..."

वनविहारात तर गाड्या नसतातच. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जाळी, रस्ता आपल्या दोघींचाच. मी म्हटलं, इथे तरी बाजूला ये, शेजारी शेजारी चालवू. तू म्हणालीस, सवय मोडते. आणि मागेच राहिलीस, आणि बोलतच राहिलीस.

पोह्यांवरून मात्र मी तुला शेवटपर्यंत सोडलं नाही. तू इंदूरची, तुला पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी हवी. मी नागपूरच्या आजोळची, मला वरून रस्सेदार तर्री हवी. ग्यारा मीलच्या टपरीवर बसून तू मला म्हणायचीस, "तुम्ही नागपूरवाले पोहे खात नाही, पिता." त्याचं चांगलं उत्तर मला परवा सुचलं, तुझ्या पिंडाच्या वेळी. सांगू कुणाला?

केरव्याचं आठवलं की अजून अंगावर काटा येतो. थंडीचे दिवस, दोन्हीकडे झाडी, आणि नाक्यावरचा वनरक्षक म्हणाला, "दीदी, जल्दी निकल जाओ, बाघ का मूवमेंट है." मूवमेंट म्हणे, जसा काही मंत्री येतोय. पुढच्या वळणावर झुडपात काहीतरी खसखसलं आणि माझे पाय पेडलवरच गोठले. तू मागून म्हणालीस, चालवत राहा. आणि मग तू गौरीच्या वेळच्या तुझ्या बाळंतपणाची गोष्ट सुरू केलीस, मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की डोंगरावर ऐकू जावी. मी म्हटलं, अगं वाघाला ऐकवतेस का? "हो," तू म्हणालीस, "कंटाळून जाईल तो." झुडपातून नीलगाय निघाली. मी हसले, रडले, दोन्ही झालं. तू गोष्ट पुढे सांगतच राहिलीस, दाई कशी उशिरा आली इथपर्यंत, आणि नीलगाय केव्हाच निघून गेली होती.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, शुभा म्हणजे वाघीण आहे, तिला कशाचंच भय नाही.

आता आरशाचं. संक्रांतीला मी तुला वाण दिलं तेव्हा बायका बघत राहिल्या. कुणी डबे लुटते, कुणी पिशव्या, आणि मी तुझ्या हातात दिला सायकलच्या हँडलला लावायचा छोटा गोल आरसा. माझ्यासाठीही एक घेतला होता. म्हटलं, हा लावला की मान वळवायलाच नको, मागचं सगळं समोर दिसतं, तुझ्या डोक्याचा ताप गेला. तू खुश होशील असं वाटलं होतं. तू हळदीकुंकू लावून घेतलंस, तिळगूळ घेतलास, आणि आरसा पिशवीत टाकताना तुझं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी भांडण. "मी असताना आरसा कशाला?" मी म्हटलं, अगं तुझ्यासाठीही आहे, तुझ्यामागे कोण बघतं? "मला नको तो." का नको? "नको म्हटलं ना." मी म्हटलं, तुला काय, तू भीत नाहीस, भित्री मी आहे, मी लावणार. तू म्हणालीस, "लाव, मग माझी गरज काय?" मला तो तुझा नसता मानपान वाटला, मीही तणतणले. शेवटी दोन्ही आरसे ड्रॉवरमध्ये. पुढे मी अधूनमधून खोदून विचारायचे, शुभे, का नको होता गं? आणि तू म्हणायचीस, सांगेन कधीतरी. ते कधीतरी आलं नाही. तुझ्या चितेसमोर उभी असताना, खोटं कशाला बोलू, मी आरशाचाच विचार करत होते. माणूस काय विचार करेल त्याचा नेम नाही.

काल सकाळी दार वाजलं. तुझी गौरी, हातात तुझं हेल्मेट.

"मावशी, परवा मी पुण्याला परत चालले. त्याआधी एकदा आईच्या रस्त्यानं जायचंय. भोजपूरपर्यंत."

मी म्हटलं, माझी कंबर धरलीय.

"नाही धरलेली," ती म्हणाली. तुझीच पोरगी. "बाबांना विचारलं, ते म्हणाले तू आलीस तरच. मी पुढे राहते, तू मागे राहा. आई मागेच असायची ना?"

शुभे, मला घाम फुटला. गौरी पुण्यात जिममधली सायकल चालवते, जिचं चाक जागेवर फिरतं. आणि तिच्यामागे मी, जिला मान वळवता येत नाही. तुझी एकुलती एक, मोठ्या रस्त्यावर, माझ्या भरवशावर. तिला काही झालं तर मी अनंतरावांना तोंड कुठलं दाखवू? तुला कुठलं दाखवू? मी नाहीच म्हणणार होते. पण तिनं हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली घट्ट केला, आणि तो पट्टा तुझ्याच खुणेवर बसला. मला नाही म्हणवलं नाही.

आज पहाटे ड्रॉवर उघडला आणि माझा आरसा हँडलला लावला. तुझी माफी मागितली नाही. तू सांगितलं असतंस का नको ते, तर नसता लावला.

अनंतराव फाटकाशी उभे होते. चपला घालून. तुझ्या सायकलीत हवा त्यांनीच भरली होती, चाक पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. "सांभाळून, मंदाताई," म्हणाले, आणि ते गौरीला नव्हे, मला म्हणाले.

होशंगाबाद रोडवर मधली बसची वेगळी वाट काढून टाकल्यापासून गाड्या कशा सुटतात ते तुला माहीत आहे. मी डोळे आरशातून हलवले नाहीत. आणि शुभे, काय भयंकर वस्तू आहे गं ती. आधी लांबवर एक ठिपका. मग ठिपक्याला काच येते, तोंड फुटतं. मग तो वाढतो, वाढतच जातो, अख्खा आरसा भरून टाकतो आणि तुम्ही काही करू शकत नाही, नुसतं बघायचं. प्रत्येक गाडी माझ्याच अंगावर येत होती. मोठी म्हणायचं तर जीभ टाळूला चिकटलेली. गाडी निघून गेल्यावर मी म्हणायचे, "मोठी." गौरी म्हणाली, "मावशी, गेली ती."

बंगरसियाच्या पुढे रस्ता अरुंद होतो तिथे गिट्टीचा डंपर आला. आरशात त्याचं तोंड बघून माझं हँडल हललं, आणि मी किंचाळले. शब्द नाही, नुसती किंचाळी. गौरीनं काय केलं असेल? वळून बघितलं. उजव्या खांद्यावरून. आणि तुझी सायकल सरळ रस्त्याच्या मध्यावर गेली.

कुठून आला तो आवाज मला माहीत नाही. मी ओरडले, "मागे बघू नकोस. मागचं मी बघते. डावीकडे, गौरी, डावीकडे."

तिनं मान पुन्हा पुढे केली. सायकल डावीकडे आली. डंपर हॉर्न देत गेला, त्याच्या वाऱ्यानं आम्ही दोघी डगमगलो, आणि दोघी मातीत उतरून उभ्या राहिलो. मी मैलाच्या दगडावर बसले. गौरी पांढरीफटक.

ती म्हणाली, "मावशी, तुला भीती वाटते का गं?"

"हो. खूप."

"आईला नव्हती वाटत ना?"

मी म्हटलं, नाही, तुझी आई वाघीण होती. आणि उठून तो आरसा हँडलवरून उपटला आणि पिशवीत टाकला.

भोजपूरला पोचलो. गौरी पायऱ्या चढून दर्शन घेऊन आली, मी खाली सायकलींपाशी बसले. आत जाऊन काय मागणार होते? परत नीट पोचू दे, एवढंच, आणि ते बाहेर बसूनही मागता येतं. मागताना पाठ टपरीच्या भिंतीला लावलेली होती.

परतताना आरसा नव्हता. मग ऐकायला लागले. खरं सांगते, ऐकण्यानं बरं वाटलं. कानाला गाडीची लांबी-रुंदी दिसत नाही. दुरून घुमतं ती मोठी, सळसळते ती छोटी, आणि भूत तर काय, खडखडाट करत येतं. मोठी, गौरी. छोटी, जाऊ दे तिला. वेळेवर निघायला लागलं तोंडातून. मोकळं, असंही म्हटलं, आणि गौरीचे खांदे खाली आलेले मला मागून दिसले. माझे असेच दिसत असतील तुला.

आणि मग तो लांब उताराचा तुकडा आला, जिथे सकाळी कुणीच नसतं. गाडी नाही, माणूस नाही, दोन्हीकडे शेतं. मोकळं म्हटलं आणि गप्प झाले. शुभे, तिथे मला कळलं भीती काय असते ते. डंपरच्या वेळी नव्हती अशी. माझ्यापुढे गौरी होती, पण माझ्यामागे काही म्हणजे काही नव्हतं. पाठ उघडी पडल्यासारखी. मानेवरचे केस उभे राहिले. वळून बघितलं तर सायकल वळणार, नाही बघितलं तर तिथे काय आहे कळणार नाही. आवाज नव्हता, म्हणून तर आणखीच. काहीतरी आवाज हवा होता, कसलाही, माझा तर माझा.

मी म्हटलं, "गौरी, कढी फुटू नये म्हणून बेसन कधी घालायचं माहितेय का तुला?"

आणि सुटलेच. बेसन झालं, मग आमच्या ह्यांचं घोरणं, मग तुझ्या बाळंतपणातली उशिरा आलेली दाई. मोठ्यानं, शेतं ऐकतील एवढ्या मोठ्यानं. गौरी पुढून म्हणाली, "मावशी, आईपण मागून असंच बोलायची का?"

हो, म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. माझ्या तोंडातून निघत होता तो आवाज मी ओळखत होते. केरव्याच्या वळणावरचा आवाज. वनविहारातला, जिथे गाडी नव्हती, तरी तू थांबत नव्हतीस. इतकी वर्षं तू माझ्यामागे होतीस, आणि तुझ्यामागे हेच होतं, हे असं उघडं. म्हणूनच आरसा नको होता. तो ठिपका वाढताना तुला बघायचा नव्हता.

वाघीण म्हणे. मीच म्हणत फिरले सगळ्यांना, आणि तू ऐकून घेतलंस.

गौरीला सुखरूप पोचवलं. अनंतरावांनी तिच्याकडे बघितलं, मग सायकलीकडे, मग आत जाऊन चहा ठेवला. चहा सांडला त्यांच्या हातून. मी तिथेच, तुमच्या हॉलच्या मधोमध, पाठीला काही न लावता बसून प्यायले. भीती गेली नाही. पाठ हुळहुळत होती सारखी, पण बसले.

पण तुला मी माफ करणार नाही, शुभे. सांगेन कधीतरी, सांगेन कधीतरी, आणि सांगितलं नाहीस. मी भित्री आहे हे आपल्या अख्ख्या बाग सेवनिया वस्तीला माहीत होतं, मला कुठे लाज वाटली त्याची? तुला काय झालं होतं एक शब्द बोलायला? कढीवर तासन्‌तास बोललीस. त्यात मधेच एकदा म्हणायचं होतंस, मंदे, मला भीती वाटते गं. मी थांबले असते. सायकल रस्त्याच्या कडेला लावली असती, तुझ्याजवळ येऊन बसले असते, आणि दोघी मिळून भ्यालो असतो.